मैद्याच्या पोत्यावरून ताईला

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या, आणि गेल्या वर्षभरात फारच धाकट्या झालेल्या भावाचा वाकून नमस्कार. (‘वाकून’ हा शब्द पूर्वी मी रीत म्हणून लिहीत असे. आता खरोखर वाकतो.) तुझे गुडघे काय म्हणतात? जिन्याच्या वळणावर दम खायला तू ठेवलेली खुर्ची अजून तिथंच आहे, की वरच्या मजल्यावरच्यांनी ती पुन्हा सरकवली? भावजींचा खोकला बरा असावा. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे एक तर तो गेला किंवा तुला त्याची सवय झाली. आमच्याकडे सगळं ठीक. ओव्हन ठीक, छत ठीक, तुझी भावजय नेहमीप्रमाणे माझ्यापेक्षा ठीक.

आता तुझा प्रश्न. इस्पितळानं तुला वजन उतरवायच्या पोटाच्या ऑपरेशनची तारीख दिली आहे. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. आणि त्याआधी तुला एवढंच हवं आहे की मी, म्हणजे घरातल्या हे ऑपरेशन झालेल्या एकुलत्या एका माणसानं, खरं सांगावं: नंतर गोड आणि लोण्याचं सोसतं का? ‘तू सांगशील त्यावर मी ठरवणार’ असं तू लिहिलं आहेस आणि त्याखाली रेघ मारली आहेस. जन्मात पहिल्यांदा तू माझ्या सांगण्यावर काही ठरवणार आहेस, तेव्हा मी हात आखडता घेणार नाही. (फोनच केला असता. पण फोनवर तू बोलतेस आणि मी ‘हो हो’ म्हणतो, आणि या प्रश्नाचं उत्तर ‘हो हो’ नाही.)

डॉक्टरांनी काय केलं ते आधी सांगतो. पोटाची पिशवी अंड्याएवढी ठेवली आणि तिला आतड्याचा पुढचा भाग आणून जोडला. मधला रस्ता वगळला. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं तेव्हा मला ते लगेच पटलं. गावाबाहेरून वळणरस्ता काढतात, तसंच दिसत होतं. गावातल्या गर्दीला त्यामुळे काय फरक पडतो ते मी विचारलं नाही. पूर्वी साखर चौकाचौकात थांबत, ओळखीच्यांशी बोलत सावकाश यायची. आता ती वळणरस्त्यानं भरधाव येते आणि थेट माजघरात घुसते. घास गिळल्यावर थोडा वेळ काहीच होत नाही. मला वाटतं, सोसलं. मी मिशीवरून हात फिरवतो. मग कान तापतात. कपाळावर घाम येतो. छाती मिक्सरसारखी सुरू होते, आणि तीही अंडी फेटायच्या वेगावर. पोटात मुरडा येतो. यानंतर माणसाला कसलीही महत्त्वाकांक्षा उरत नाही. फक्त आडवं व्हायचं असतं, कुठंही, आणि कुणी काही विचारू नये असं वाटत असतं.

हे दुसऱ्या कुणाला झालं असतं तर त्यानं गोडाला रामराम ठोकला असता आणि सुखानं जगला असता. मी केकवाला आहे. त्यात बाबांचा नियम. (तुला तो पाठ आहे, तरी लिहितो. लिहिल्याशिवाय माझी पंचाईत केवढी आहे ते माझ्याच ध्यानात येत नाही.) शटर वर जाण्याआधी त्या दिवसाचं प्रत्येक क्रीम एकाच माणसानं चाखायचं. भरला चमचा, गिळून. त्यानं ‘चालेल’ म्हटलं की माल काउंटरवर. ‘नाही’ म्हटलं की पातेलं मोरीत. दुसऱ्या कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. एका दुकानात दोन जिभा झाल्या की गिऱ्हाइकाला रोज वेगळं दुकान लागतं, असं बाबा म्हणायचे. त्यांच्यानंतर ती जीभ म्हणजे मी. खरं तर तू शोभली असतीस. लोणी कुठल्या डेअरीचं ते तू डोळे मिटून सांगायचीस. पण तू बँकेत गेलीस आणि बाबांनी दुकान दोघांच्या नावावर ठेवून जीभ तेवढी माझ्याकडे दिली. भट्टीवर अजून उस्तादच आहेत. (भुवया पांढऱ्या झाल्या आहेत. त्यात वय किती आणि मैदा किती ते कळत नाही.) इतकी वर्षं ते क्रीम करतात, पण स्वतः केलेलं क्रीम त्यांनी कधी जिभेला लावलेलं नाही. मी उद्या त्यात मीठ घालायला सांगितलं तर ते ‘किती?’ एवढंच विचारतील.

तेव्हा ऑपरेशननंतर मी दुकानात परतलो त्या सकाळी रीतीप्रमाणे चार पातेली माझ्यासमोर मांडली गेली. मी चारही चाखली. चारही ‘चालेल’ झाली. पाचवा आवाज मी केला तो मैद्याच्या पोत्यांवर पडल्याचा. उठलो तेव्हा पाठीकडून पांढरा आणि पुढून हिरवा होतो. उस्ताद म्हणाले, “धाकटे मालक, चौथ्यात काही कमी होतं का?” मी म्हटलं, माझ्यातच होतं. तेव्हापासून ते पोतं माझं झालं आहे. उस्तादांनी त्यावर जुनं एप्रन अंथरलं आहे आणि मैदा दुसऱ्या पोत्यातून काढतात. हे पत्रही मी त्याच पोत्यावर टेकून लिहितो आहे, अक्षर वाकडं वाटलं तर दोष पोत्याचा.

इस्पितळातल्या आहाराच्या बाईंकडे गेलो. (त्यांनी पहिल्याच दिवशी मला बाहुलीच्या भातुकलीतला वाटावा असा चमचा दिला. घरात त्यांचं नाव चमचेबाई पडलं आहे.) त्या फार गोड बोलतात, बहुधा बोलण्यातलं गोड चालत असावं. म्हणाल्या, “हे बघा, साखर म्हणजे काही शत्रू नव्हे. पाहुणा समजा. दारात उभं राहून विचारपूस करायची, आत बोलवायचं नाही.” मी म्हटलं, बाई, माझ्याकडे रोज सकाळी चार पाहुणे येतात आणि चौघांनाही मला गिळायचं असतं. धंदा काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाल्या, काही जणांना हळूहळू थोडंफार सोसायला लागतं, काहींना नाही लागत, तुम्ही कशात बसता ते कळेलच. मी म्हटलं, मी बसत नाही, आडवा होतो. त्या हसल्या नाहीत. हा विनोद त्यांनी आधी ऐकलेला असावा.

मग युक्त्या काढल्या. चमचा तोंडात घ्यायचा, चव जिभेवर फिरवायची आणि मोरीत थुंकायचं. युक्ती चांगली होती. फक्त मोरी दुकानाच्या मागच्या खिडकीसमोर आहे आणि त्या खिडकीतून गल्ली दिसते, आणि गल्लीतून आपण दिसतो. पलीकडच्या इमारतीतल्या नर्सबाई ड्यूटीवर जाताना रोज आपल्याकडून क्रीमरोल घेऊन जात. त्यांनी एका सकाळी मालकाला स्वतःचं क्रीम कळवळून थुंकताना पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून समोरून जातात, माझ्याकडे दयेनं बघतात आणि नाक्यावरून बिस्किटं घेतात.

लोण्याची कथा निराळी. साखर वर चढते, लोणी खाली उतरतं. याहून स्पष्ट मी मोठ्या बहिणीला लिहू शकत नाही. पण तुला ठाऊक आहे की आपल्या दुकानाला स्वतःचा संडास नाही. तो चार दुकानांत मिळून एक, मागच्या अंगणात, आणि किल्ली शिंप्याकडे. शिंपी किल्ली कात्रीच्या दांड्याला बांधून ठेवतो, म्हणजे हरवत नाही. त्यामुळे तो कापड बेतत असला की किल्ली मिळत नाही. याच शिंप्याकडे माझ्या पँटी आत घ्यायलाही जातात, कारण दर थोड्या दिवसांनी कंबर आणखी हरवते. मी धावत दारात उभा राहिलो की तो मान वर न करता विचारतो, “शेठ, पँट द्यायला आलात की वाचवायला?” गिऱ्हाइकांसमोर विचारतो. आणि मला उत्तर द्यायला वेळ नसतो.

एवढं सोसून मी जीभ सोडली नाही. पण जीभच बदलली. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी तुला सांगतो. पूर्वी ज्याला मी बेताचं गोड म्हणायचो ते आता कानशिलात मारल्यासारखं लागतं. मी उस्तादांना म्हटलं, साखर कमी करा. त्यांनी केली. दुसऱ्या दिवशी तरी गोड लागलं. आणखी कमी केली. असं करता करता क्रीम इतकं सात्त्विक झालं की चमचेबाईंनी पाठ थोपटली असती. उस्ताद काही बोलले नाहीत. जिभेपुढे बोलायचं नाही. गिऱ्हाईक बोललं. आपले निवृत्त हेडमास्तर (तेच, ज्यांनी तुला बीजगणितात पैकीच्या पैकी दिले आणि मला बाकावर उभं केलं) एक पेस्ट्री अर्धी खाऊन परत घेऊन आले, काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “काय रे, ही आजारी आहे का?” त्यानंतर आठवडाभर तक्रारींचा पाऊस. मी डगमगलो नाही. साखर उलट आणखी कमी केली. आणि काय सांगू ताई, तक्रारी थांबल्या! हेडमास्तर पुन्हा येऊ लागले, दोन पेस्ट्र्या घेऊ लागले. माणसांना चांगलं वळण लावायला थोडा धीर धरावा लागतो, एवढंच. अख्ख्या मोहल्ल्याची जीभ मी सुधारली. याचं श्रेय मला घरात कुणी देत नाही. तुझी भावजय हा विषय निघाला की ट्रे पुसायला घेते.

आता मुख्य प्रकरण, आणि ते वाचताना बसून घे. स्टेशनजवळच्या मोठ्या हॉटेलचे खरेदीसाहेब आपल्याकडे आले. हॉटेलचे सगळे केक वर्षभर आपल्याकडून न्यायचे की नाही ते त्यांच्या हातात. धिप्पाड गृहस्थ, खुर्चीत बसले की खुर्ची दिसत नाही. त्यांचा एक शिरस्ता आहे: मालक जो केक त्यांच्यासमोर, त्यांच्याएवढाच तुकडा, शेवटपर्यंत खाईल, तोच ते घेतात. फार माल पाहिलेला माणूस; असा शिरस्ता उगाच पडत नाही. मी नाही कसा म्हणणार? स्वतःच्या केकला मालकच नको म्हणाला तर पाटी उतरवावी. उस्तादांनी दोन तुकडे कापले, लोण्याच्या क्रीमचे, हाताच्या पंजाएवढे. साहेब खाऊ लागले. मी खाऊ लागलो. तुझी भावजय काउंटरमागून डोळे वटारत होती. मी तुकडा संपवला आणि हसलोदेखील.

साहेब ओव्हनची चौकशी करत होते तेव्हा माझे कान तापले. ते अंड्यांबद्दल विचारत होते तेव्हा माझ्या शर्टाची पाठ भिजली. मी ‘एक मिनिट’ म्हटलं आणि पोत्याकडे निघालो, पण पोतं त्या दिवशी नेहमीपेक्षा लांब होतं, म्हणून वाटेतच खाली बसलो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या रिकाम्या बशीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. टाय सैल करत ते म्हणाले, “काय घातलंय यात?” उस्ताद नम्रपणे म्हणाले, “मालक जाणे. आम्ही चाखत नाही.” ताई, वेळेला सत्य किती घातक असतं ते मला त्या क्षणी कळलं. साहेबांनी छातीवर हात ठेवला आणि त्यांनाही धडधडायला लागलं. तेही खाली बसू लागले. शेवटी उस्तादांनी आणि शिंप्यानं (तो किल्ली घेऊन आपण होऊन आला होता, मला बघून) मिळून आम्हा दोघांना शेजारशेजारच्या पोत्यांवर निजवलं. मी डोळे मिटून पडलो होतो. साहेब मला विचारत होते, “आधी हात बधिर होतात का पाय?” मी म्हटलं, आधी लाज वाटते. थोड्या वेळानं मला बरं वाटलं. साहेबांना काही झालेलंच नव्हतं. ते घोरत होते. उठले ते ताजेतवाने, पाठीला मैदा. म्हणाले, केक उत्तम होता, पण मालकाला आडवं करणारा केक मी हॉटेलात ठेवू शकत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा येईन. मालकानं पुन्हा खायचा. या खेपेला उभ्यानं.

तर ताई, तू खरं विचारलंस, मी खरं लिहिलं. गोड सोसत नाही. लोणी सोसत नाही. जीभ परक्यासारखी वागते. नर्सबाई दया करतात आणि शिंपी विनोद. माझा काही आग्रह नाही. तुझं पोट, तुझा निर्णय. फक्त असल्या गोष्टीत घाई करू नये असं मला वाटतं. तुझे गुडघे इतकी वर्षं तुझ्यासोबत आहेत. आणखी थोडे दिवस त्यांची काही हरकत नसावी. भावजींना नमस्कार, त्यांच्या खोकल्याला, असल्यास, निरोप.

तुझा
माजी गोळा

ता. क. लिहायचं राहिलंच. खरेदीसाहेब पुढच्या महिन्यात येतील ते तुझ्या ऑपरेशनच्या तारखेच्या पुढच्याच आठवड्यात. दुकान दोघांच्या नावावर आहे, म्हणजे मालक तूही आहेस. साहेबांना मालकानं खाल्लेलं हवं, कुठल्या मालकानं ते त्यांनी सांगितलेलं नाही. तुझं पोट अजून पूर्ण आहे आणि तुकडा पंजाएवढाच. तू तारीख थोडी पुढे ढकललीस तर बसून एक तुकडा खाता येईल. उभ्यानं, म्हणजे. खुर्ची मी जवळ ठेवीन. आणि आलीच आहेस तर रोजची चार पातेलीही चाख. बाबांची जीभ निदान एका तोंडात तरी शिल्लक राहील. मी दाखवतो त्याहून जास्त वाईट मला ती गेल्याचं वाटतं. हे वाक्य खोडणार होतो.

ता. क. २. वरचा ता. क. वाचून तुला वाटेल की दुकानासाठी मी बहिणीला जाड राहायला सांगतो आहे. तसं मुळीच नाही. (तसंच आहे. पण तुझी भावजय मागे येऊन उभी आहे, म्हणून इथंच थांबतो आणि पाकीट चिकटवायला तिच्याकडे देतो.)

ता. क. ३. ती. वन्सं यांस नमस्कार. पाकीट माझ्याकडे दिलं ही ह्यांची चूक. मी सगळं वाचलं. पोत्यावर पडले ते खरं आहे, पण चार चमचे क्रीम आणि पंजाएवढा केक खाल्ल्यावर. तसं खाऊ नका असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं. परवा आमच्या मुलीनं केलेल्या केकचा एक लहान घास, जेवण झाल्यावर, सावकाश खाल्ला आणि काही झालं नाही. मी बघत होते. त्यांनी ते तुम्हाला लिहिलं नाही. हेही लिहिलं नाही की ते आता बुटाची नाडी स्वतः बांधतात, मधुमेहाची गोळी बंद झाली आहे, आणि श्वास अडकू नये म्हणून झोपताना लावायचं ते यंत्र डॉक्टरांना विचारून आम्ही परत केलं. मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा शांत झोप लागते. तुम्हाला भीती वाटते ती बरोबर आहे. त्यांनाही वाटत होती, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मला तीनदा घरी चल म्हणाले होते. आज विचारलं तर पुन्हा करून घेतील, फक्त कबूल करणार नाहीत.

मोहल्ल्याची जीभ सुधारली नाही. हेडमास्तर पेस्ट्री परत घेऊन आले त्या आठवड्यापासून हे काढायला सांगतात ती साखर मी परत घालते. आधी थोडं क्रीम बाजूला काढून ह्यांच्या चाखायच्या वाटीत ठेवते, बाकीच्यात साखर, मग मी चाखते. उस्तादांना माहीत आहे. त्यांनी पहिल्या दिवशी “किती?” एवढंच विचारलं. ह्यांना अजून कळलेलं नाही आणि तुम्हीही सांगू नका. रोज सकाळी ‘चालेल’ म्हणतात तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

खरेदीसाहेबांना मी काल फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. मालकांचं पोटाचं ऑपरेशन झालंय, म्हणून आडवे झाले. केकचा दोष नाही. पुढच्या वेळी तुकडा मी खाईन. त्यांनी ऑर्डरचं काहीच विचारलं नाही. डॉक्टरांचा नंबर विचारला.

तेव्हा तुम्ही तारीख पुढे ढकलू नका. आजच इस्पितळात हो म्हणून कळवा, मग भावजींना सांगा, या क्रमानं. आदल्या दिवशी मी तुमच्याकडे येते आणि तुम्ही घरी चालत याल तोवर तिथंच राहते. तुम्ही मला तीनदा घरी चल म्हणालात तरी मी ऐकणार नाही, मला सवय आहे. दुकान हे बघतील. साखर मी मोजून उस्तादांकडे ठेवून येईन.